रेडफूट की यलोफूट? फोटोवरून कसं ओळखायचं

दक्षिण अमेरिकेतल्या जंगली कासवाचा फोटो आला आणि पाय लालसर दिसले की लोक लगेच "रेडफूट" म्हणून मोकळे होतात, पण रेडफूटसारखीच दिसणारी यलोफूट ही कासवाची दुसरी जात आहे, तिच्या पायावरचे खवलेही कधीकधी चांगलेच केशरी असतात आणि काही भागातल्या रेडफूटचे पिवळट, त्यामुळे पायाचा रंग सगळ्यात शेवटी बघा.

आधी फोटो कुठला ते विचारा. माळरानाची कड, कोरडं जंगल, नदीकाठची झाडी असेल तर रेडफूटचा चान्स जास्त, तो पनामापासून पार पॅराग्वे आणि उत्तर अर्जेंटिनापर्यंत सापडतो. ॲमेझॉनचं दाट ओलं जंगल असेल तर बहुतेक यलोफूट. अर्थात ब्राझीलच्या रोराइमातल्या माराका बेटावर दोन्ही राहतात, तिथे हे लॉजिक फेल.

मग नाकावर झूम करा, खरी खूण तिथेच आहे. नाकपुड्यांच्या मागे जी खवल्यांची जोडी असते ती यलोफूटची लांबट, रेडफूटची आखूड. खालून काढलेला फोटो असेल तर सोन्याहून पिवळं, कारण मागच्या पायाच्या पुढे खाचेत जो खवला असतो तो रेडफूटचा चांगला मोठा आणि यलोफूटचा अगदीच बारका. पाठ बघायची तर रेडफूटची काळी आणि त्यावरचे फिकट ठिपके ठळक, यलोफूटची तपकिरी आणि ठिपके कडेला विरत गेलेले. मोठ्या रेडफूट नराची पाठ वरून बघितली तर डमरूसारखी मधे दबलेली दिसते. साइजवर फार जाऊ नका, यलोफूट मोठा होतो खरा, क्वचित 70 सेंमीच्याही वर, पण लहान यलोफूटने भलेभले फसतात.

व्हिडिओ असला तर अजून मजा, समोर दुसरं कासव आलं की नर डोकं हलवतो, रेडफूट झटके देत आणि यलोफूट एका लयीत, सावकाश.

तिकडे जाऊन स्वतःच शोधणार असाल तर पडलेल्या फळांखाली बघा, आपल्या अंबाड्याच्या भावकीतलं एक झाड आहे तिथे, त्याची फळं दोघंही आवडीने खातात आणि बिया लांब जाऊन टाकतात. फळं नसली की फुलं, अळंबी, मेलेलं जनावरही चालतं. उन्हाच्या वेळी आडव्या पडलेल्या खोडांखाली वाकून बघा, आणि पोट बघायला उचलू नका, मोबाइल जमिनीलगत धरला तरी नाकाचा फोटो येतो.