कुत्र्याने चॉकलेट खाल्लं? या चुका टाळा

वाढदिवसाचा केक टीपॉयवर ठेवून सगळे फोटो काढायला गॅलरीत जातात. परत येऊन बघतात तर अर्धा केक गायब आणि घरातला पॉम (पॉमेरेनियन कुत्रा) सोफ्याखाली तोंड चाटत बसलेला. अशा वेळी घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "मागेही खाल्लं होतं त्याने, काही होत नाही." जीवावर बेतते ती हीच समजूत. मागचा मिल्क चॉकलेटचा तुकडा आणि आजचा कोको पावडरचा केक यांत फार मोठा फरक आहे.

फरक आहे थिओब्रोमिनचा. कोकोच्या कडवटपणात याचा मोठा वाटा असतो आणि गुणाने तो कॅफीनचा भाऊ. आपल्या शरीरात तो सात ते दहा तासांत निम्मा होतो. कुत्र्याला त्यासाठी साडेसतरा तासांच्या आसपास लागतात. तोवर तो हृदय आणि मेंदू दोन्ही चेतवत राहतो.

म्हणून घाबरण्याआधी हिशेब करा. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण 20 मिलिग्रॅम थिओब्रोमिन पोटात गेलं की उलट्या, जुलाब, अस्वस्थपणा दिसतो. 40 ते 50 ला हृदयाचे ठोके बिघडतात, 60 च्या आसपास झटके येऊ शकतात. मिल्क चॉकलेटच्या एका ग्रॅममध्ये ढोबळमानाने 2 मिलिग्रॅम, डार्कमध्ये 5, कोको पावडरमध्ये 20 किंवा त्याहून जास्त. पाच किलोच्या पॉमने 40 ग्रॅम मिल्क चॉकलेट खाल्लं तर किलोमागे 16 होतात. तेवढंच डार्क खाल्लं तर 40. आणि कोको पावडर? 15 ग्रॅम, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे, पोटात गेली की थेट 60. एखादा कुत्रा याहून कमी मात्रेतही आजारी पडतो, त्यामुळे आकडा सीमेच्या जवळ आला तरी डॉक्टरांना फोन कराच.

घरी चॉकलेट करणाऱ्यांना एक सांगायचंय. "कंपाउंड म्हणजे काही खरं चॉकलेट नव्हे" असं म्हणून स्लॅब ओट्यावर उघडा टाकू नका. त्यात कोको बटरऐवजी वनस्पती तेल असतं, पण कोको पावडर असतेच. व्हाइट चॉकलेटमध्ये थिओब्रोमिन नगण्य, तरी एवढ्या चरबीने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. मनुके घातलेलं किंवा झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असलेलं शुगर फ्री चॉकलेट असेल, तर वरचा हिशेब सोडा आणि सरळ दवाखाना गाठा. ही दोन्ही कुत्र्यांना वेगळ्याच कारणाने घातक आहेत.

"आत्ता तर मजेत खेळतोय, सकाळी बघू" ही आणखी एक चूक. लक्षणं दिसायला बऱ्याचदा सहा ते बारा तास लागतात, आणि उलटी करवून विष बाहेर काढायची उत्तम वेळ असते ती पहिल्या दोन तासांतली. रात्री अकराला खाल्लं असेल तर सकाळपर्यंत ती वेळ हातची गेलेली असते.

पण उलटी घरी करवू नका. मीठपाणी पाजणं हा आपल्याकडचा जुना उपाय, आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते. मिठाने रक्तातलं सोडियम इतकं वाढू शकतं की त्यानेच झटके येतात. म्हणजे एका विषावर दुसरं विष. घशात बोटं घालू नका. इंटरनेटवर वाचून हायड्रोजन पेरॉक्साइड पाजू नका. कुत्रा थरथरत किंवा गुंगीत असेल तर उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. दूध-तुपाने विष उतरत नाही, पोटावर चरबीचा भार तेवढा वाढतो.

फोनवर डॉक्टरांना चार गोष्टी सांगा: वजन किती, काय खाल्लं, किती, आणि कधी. रॅपर फेकू नका, सोबत न्या. थिओब्रोमिनवर उतारा नाही. डॉक्टर उलटीचं इंजेक्शन, औषधी कोळसा, सलाईन आणि हृदयाची औषधं देऊन शरीराला वेळ मिळवून देतात.

घरी परत आणल्यावर त्याला एका कोपऱ्यात निजवून ठेवू नका. लघवीत उतरलेलं थिओब्रोमिन मूत्राशयातून पुन्हा रक्तात शोषलं जातं. डॉक्टरांनी हिंडवायला हरकत नाही म्हटलं असेल, तर दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, त्याला खाली घेऊन जा. पाण्याचं भांडं भरलेलं ठेवा. लक्षणं तीन दिवसांपर्यंत रेंगाळू शकतात.