तीन पत्तीवाल्यांनी पोकरची बोलीभाषा कशी समजून घ्यावी

गणपतीत आमच्या बेळगावात मंडपात रात्र जागवायची म्हणजे पत्ते आलेच. गेल्या वर्षी बेंगळूरहून भाचा आला आणि मित्रांबरोबर चिंचोके लावून खेळलेल्या एका डावाची हकिकत सांगू लागला. "मामा, यूटीजीतनं बिग स्लिकवर रेज मारला, बटननं कॉल केलं. फ्लॉपला मला टॉप पेअर, टॉप किकर. तरी रिव्हरला त्याचा गटशॉट लागला की! बॅड बीट!" शब्द कानावरून गेलेले होते, पण अर्थाचा पत्ता लागेना. हे एक वाक्य पुरतं उलगडलं की पोकरची निम्मी बोली हाती आली असं समजा.

आधी तीन पत्ती डोक्यातून बाजूला ठेवा. आपल्याला अडवतात ते नवे शब्द नव्हेत, ओळखीचेच. तीन पत्तीत 'ब्लाइंड' म्हणजे पत्ते न बघता खेळणं. पोकरमध्ये ब्लाइंड म्हणजे पत्ते वाटण्याआधी सक्तीनं टाकायची रक्कम. आपल्या बूटासारखीच, फक्त बूट सगळे टाकतात आणि ही दोघंच: पत्ते वाटणाऱ्याच्या, म्हणजे 'बटन'च्या, डावीकडचा 'स्मॉल ब्लाइंड' आणि त्याच्या पुढचा 'बिग ब्लाइंड'.

दुसरा घोळ याहून मोठा. कलरला तिथं 'फ्लश' म्हणतात आणि सीक्वेन्सला 'स्ट्रेट'. आपल्याकडे सीक्वेन्स कलरला मारतो, पोकरमध्ये नेमकं उलटं. हा कुणाच्या मर्जीचा नियम नाही, मोजून बघता येतो. तीन पत्त्यांत निव्वळ कलर 1,096 प्रकारे जमतो, सीक्वेन्स 720 प्रकारे. पाच पत्त्यांत फ्लश 5,108 प्रकारे आणि स्ट्रेट 10,200 प्रकारे. जे दुर्मीळ ते मोठं. आपली ट्रेल सगळ्यांवर भारी, पण पोकरमध्ये तीन सारखे पत्ते स्ट्रेटच्याही खाली येतात. त्यातही हातात जोडी असून तिसरा मधे, सगळ्यांसाठी उघडलेल्या पत्त्यांत आला तर 'सेट', हातात एक आणि मधे दोन असले तर 'ट्रिप्स'.

आता एक डाव मांडाच, नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही. तुम्हीही चिंचोकेच घ्या. पैसे लावून ऑनलाइन खेळायला तर 2025 च्या केंद्रीय कायद्यानं बंदीच आहे. टेक्सस होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन झाकले पत्ते मिळतात, ती 'होल कार्ड्स'. मग मधे एकदम तीन उघडतात तो 'फ्लॉप', चौथा 'टर्न', पाचवा 'रिव्हर'. या सातांतले उत्तम पाच म्हणजे तुमचा हात. काही न लावता पुढे सोडणं 'चेक', समोरच्याइतकं टाकणं 'कॉल', वाढवणं 'रेज'. 'फोल्ड' म्हणजे आपलं पॅक.

मग बसायची जागा. 'बटन' ही वाटणाऱ्याची खूण. फ्लॉपनंतर तो सगळ्यात शेवटी बोलतो, म्हणून ती जागा फायद्याची. बिग ब्लाइंडच्या लगेच पुढचा तो 'अंडर द गन', म्हणजेच यूटीजी. फ्लॉपआधी पहिलं तोंड त्यालाच उघडावं लागतं.

पत्त्यांची टोपणनावं सोपी आहेत. एक्क्यांची जोडी 'रॉकेट्स', ही सरासरी 221 डावांत एकदा हाती येते. राजे 'काउबॉइज', राण्या 'लेडीज'. गुलामांची जोडी 'फिशहुक्स', कारण इंग्रजी जे गळासारखा दिसतो. एक्का-राजा म्हणजे 'बिग स्लिक'.

आता भाच्याकडे वळू. त्याच्या हातात एक्का-राजा. फ्लॉपला राजा, गुलाम, सत्ती. मधल्या सगळ्यात मोठ्या पत्त्याशी जोडी जमली म्हणून 'टॉप पेअर', आणि सोबतचा एक्का हा 'किकर', जोडी सारखी निघाली तर निकाल लावणारा पत्ता. समोरच्याकडे नव्वी-अठ्ठी. त्याला सत्ती ते गुलाम अशी रांग लावायला मधली दश्शीच हवी. असा मधलाच पत्ता हवा असणं म्हणजे 'गटशॉट'. टर्नला दुर्री आली, त्याच्या कामाची नव्हे. त्याला न दिसलेले पत्ते 46, त्यांत दश्श्या चार, म्हणजे नऊ टक्क्यांहूनही कमी. असे उपयोगी पत्ते म्हणजे 'आउट्स'. शेवटी दश्शी आलीच. इतका पुढे असूनही हरणं, तो 'बॅड बीट'.

माणसांबद्दलचे शब्द जपून वापरा. कच्च्या खेळाडूला 'फिश' म्हणतात, ते तोंडावर म्हणू नका. 'टेल' म्हणजे पत्ते चांगले की वाईट हे उघडं पाडणारी नकळत होणारी हालचाल. चांगले पत्ते आले की एखाद्याचा हात चिंचोक्यांकडे आधीच जातो, तसं. आणि 'टिल्ट'. जुनं पिनबॉलचं यंत्र कुणी रागानं हलवलं की 'टिल्ट' असा दिवा लागून खेळ बंद पडायचा. हरल्याच्या तिरीमिरीत वेडंवाकडं खेळणं ते हेच.

"मग त्या बॅड बीटनंतर काय केलंस?" मी भाच्याला विचारलं.

"टिल्ट झालो, मामा. पुढच्या दोन डावांत सगळे चिंचोके घालवले."