गोलकीपर घडवायचा असेल तर आधी डिनो झॉफ दाखवा

मी कोल्हापुरात शाळकरी पोरांना गोलकीपिंग शिकवतो. नवीन पोरगं आलं की त्याला हवेत झेप घ्यायची घाई असते. मी आधी त्याला 1982 च्या वर्ल्डकपमधला इटली-ब्राझील सामना दाखवतो. तारीख 5 जुलै, मैदान बार्सिलोनाचं सारिया. पुढच्या फेरीत जायला ब्राझीलला बरोबरी चालणार होती, इटलीला जिंकायलाच हवं होतं. इटली 3-2 ने पुढे, शेवटची दोन-तीन मिनिटं. ब्राझीलच्या एडेरची फ्रीकिक, ऑस्करचा हेडर, आणि इटलीचा चाळिशीचा कॅप्टन, गोलकीपर डिनो झॉफ गोललाइनवर बॉल दाबून धरतो.

इथे व्हिडिओ थांबवा आणि पोराला फक्त हात बघायला सांगा. त्याने बॉल ढकलला नाही, मुठीने पंच मारला नाही, धरला. ढकलला असता तर समोर ब्राझीलचे खेळाडू टपलेलेच होते. ब्राझीलवाले गोल म्हणून ओरडत होते, तरी बॉल जिथे धरला तिथेच घट्ट. ही पकड शिकवायला पोराला गुडघ्यावर बसवा आणि बाजूला टप्पा पडेल असा बॉल टाका. एक हात बॉलच्या मागे, दुसरा वरून, आणि खाली जमीन. असा तिन्ही बाजूंनी बॉल अडकला पाहिजे. गुडघ्यावरून जमलं की उकिडवं बसून, मग उभं राहून. कडक मुरमाच्या मैदानावर हे करू नका, कोपरं सोलतात आणि पोरगं झेपेला कायमचं घाबरतं. गवत किंवा वाळू बघा.

दुसरी गोष्ट उभं राहायच्या जागेची. झॉफ उगाच उड्या मारणारा कीपर नव्हता. बॉल येईल तिथे तो आधीच उभा असायचा. गोल 7.32 मीटर रुंद. नुसत्या झेपेने तो झाकत नाही. दोन्ही खांबांना एकेक दोरी बांधा, दोन्हींची टोकं बॉलपाशी आणा. कीपरने त्या त्रिकोणाच्या मधोमध उभं राहायचं. बॉल डावीकडे न्या, उजवीकडे न्या, लांब न्या. दोरी हलली की पोरगं सरकलं पाहिजे. दोन पावलं पुढे आलं की दोन्ही बाजूंची मोकळी जागा किती कमी होते, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. तोंडी सांगून हे कधीच पटत नाही.

लांबच्या शॉट्ससाठी झॉफने खाल्लेले गोलही दाखवा. 1978 च्या वर्ल्डकपला हॉलंडच्या आरी हानने लांबून मारलेला, 1983 च्या युरोपियन कप या क्लब स्पर्धेच्या फायनलमध्ये जर्मनीच्या हॅम्बुर्ग क्लबच्या फेलिक्स मागाथने मारलेला. पाय बॉलला लागतो त्या क्षणी थांबवून विचारा: झॉफ कुठे उभा आहे, तू कुठे उभा राहिला असतास? उत्तर लगेच सांगून टाकू नका.

आईबापांसाठी एक. उंची नाही म्हणून चौदाव्या वर्षी पोराला गोलमधून काढू नका. त्याच वयाच्या झॉफला युव्हेंटस आणि इंटर या इटलीतल्या मोठ्या क्लबांनी उंचीमुळेच परत पाठवलं होतं. मग आजीने रोज अंडी खायला घातली असं सांगतात. अंड्यांनी उंची वाढते असं मी म्हणणार नाही, पण पोरं पुढे उंच होतात, हे मात्र खरं. त्याच युव्हेंटसकडून तो नंतर अकरा हंगाम खेळला, सहा लीग जिंकला. राखीव कीपरलाही हे सांगा: 1968 ला युरोपचा विजेता ठरलेला झॉफ 1970 च्या वर्ल्डकपला बेंचवर होता, गोलमध्ये आल्बेर्टोसी.

आता गोल खाल्ल्यानंतरचं, कारण पोरं इथेच मोडतात. सप्टेंबर 1972 ते जून 1974 आंतरराष्ट्रीय सामन्यांत झॉफने सलग 1142 मिनिटं गोल खाल्ला नव्हता. 1974 च्या वर्ल्डकपला म्युनिकमध्ये हैतीच्या एमान्युएल सानोनने तो विक्रम थांबवला आणि इटली मागे पडली. पोरांना तो गोल एकदाच दाखवा, त्यापुढचा खेळ मात्र पूर्ण दाखवा. झॉफने त्या सामन्यात दुसरा गोल होऊ दिला नाही, इटली 3-1 ने जिंकली. सरावात गोल झाला की जाळ्यातला बॉल कीपरनेच काढायचा, मधल्या वर्तुळाकडे फेकायचा आणि जागेवर यायचं. त्याने मान खाली घालायच्या आत पुढचा शॉट मारा.