असील माणसाळवायचा तर आत्ताच : माणदेशातल्या कोंबडीपालकांसाठी हिवाळी सल्ला

दिवाळी उरकली की माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यातल्या असील या झुंजार देशी जातीच्या कोंबड्यांची पीसझड संपत येते. भाद्रपद-आश्विनात नवी पिसं फुटत असतात, त्यांच्या कोवळ्या नळ्यांत रक्त असतं. तेव्हा पक्षी धरला तर त्याला दुखतं आणि माणसाचा हात म्हणजे त्रास असं तो मनात धरून बसतो. आता अंग भरलं आहे, हवा कोरडी आणि गार आहे. कोंबड्याला घाम येत नाही. त्याच्या अंगाचं तापमान मुळातच 41 अंशांच्या आसपास असतं आणि वाढलेली उष्णता तो मुख्यतः चोच उघडून, धापा टाकून बाहेर काढतो. चैत्रात त्याला पळवणं जिवावर बेतू शकतं. म्हणून माणसाळवण्याचं आणि खेळ शिकवण्याचं सगळं काम कार्तिक ते माघ या महिन्यांत उरका.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. झुंजीसाठी कोंबडा तयार करायचा विचार असेल तर हा सल्ला तुमच्यासाठी नाही. प्राण्यांना झुंजायला लावणं, झुंजीसाठी जागा देणं हे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे. पायाला काती बांधून रक्त काढण्यात कसलीही मर्दुमकी नाही. पण झुंजी नकोत म्हणून असीलच नको, हेही मला पटत नाही. ताठ मान, उंच पाय, वाटाण्यासारखा बसका तुरा, न घाबरणारा स्वभाव, दमदार छाती : असा पक्षी आपल्या हवेत टिकतो. चांगल्या पैदाशीचा नर 4 ते 5 किलो भरतो. त्याची मादी अंडी कमी देते, पण खुडूक बसायला आणि पिलं राखायला तिच्या तोडीची दुसरी नाही. हा धीट स्वभावच शिकवणीत उपयोगी पडतो. भित्रा पक्षी दाणा बघून पळतो, असील थांबून बघतो.

सुरुवात पिलांपासून केलेली बरी. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत रोज थोडा वेळ हात जमिनीवर उताणा ठेवून बसा. तळहातावर ज्वारीची कणी ठेवा, नाहीतर वाळवी. वाळवी धरायची आपली जुनी रीत आहेच : मडक्यात शेण आणि ओला गोणपाट भरून ते बांधावर पालथं घालायचं. पिलांना याहून आवडता खाऊ मी पाहिलेला नाही. हात वरून नेऊ नका. वरून येतं ते घारीसारखं, हे पिलाच्या रक्तातच आहे. बाजूने, खालून, सावकाश. पिलू आपणहून तळहातावर चढून डोळे मिटायला लागलं की अर्धं काम झालं. थंडीत पिलांना पहिल्या आठवड्यात 35 अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी उतरवायची. पिलं काकडलेली असताना शिकवणी होत नाही.

मोठा नर माणसाळवायला जास्त धीर लागतो. अंधारात कोंबडीला नीट दिसत नाही, म्हणून पहिले काही दिवस दिवेलागणीनंतर त्याला खुराड्यातून उचला, पंख अंगाशी धरून काखेत घ्या, छातीवरून बोटं फिरवा आणि तो धडपडायचा थांबल्यावरच खाली ठेवा. धडपडत असताना सोडलं तर धडपडलं की सुटका होते, हे तो लगेच शिकतो. एखादा नर एक पंख खाली सोडून तुमच्याभोवती फेर धरतो, मानेची पिसं फुगवतो, पायावर झडप घालतो. अशा वेळी लाथ मारणारे बरेच आहेत. लाथ त्याला झुंजीचं उत्तर वाटते आणि तो दुप्पट चिडतो. पळालात तर त्याला जिंकल्यासारखं वाटतं. जागेवर शांत उभे राहा, तो थंडावला की दाणा टाका, संध्याकाळी पुन्हा काखेत घ्या. घरात बहुतेक वेळा बाईच कोंबड्यांना दाणे घालते, त्यामुळे ही शिकवणी तिच्या हातून लवकर जमते. लहान मुलांच्या तोंडाजवळ मात्र कितीही माणसाळलेला नर नेऊ नका, त्याची चोच डोळ्यावर जाते.

नर साधारण चार ते सहा महिन्यांचे झाले की एकमेकांवर उठतात. त्याआधीच त्यांना वेगळे करा. मध्ये जाळी लावून भागत नाही, कारण समोरचा दिसत राहतो आणि दिवसभर जाळीशी भांडण चालतं. पत्रा किंवा तट्ट्या लावून नजरच तोडा. चकचकीत स्टीलचं भांडंही खुराड्यात नको, त्यात तो स्वतःलाच बघून चिडतो.

आता शिकवणी. सकाळी चारा घालण्याआधी, गळ्याखालची पिशवी रिकामी असताना, पाच मिनिटं पुरेत. तेवढंच संध्याकाळी. उपाशी मात्र ठेवायचं नाही, शिकवणीनंतर लगेच पोटभर घाला. जिभेने ‘टक्’ आवाज करा आणि त्याच क्षणी मक्याचा अर्धा दाणा द्या. हे काही दिवस केलं की आवाज झाला म्हणजे दाणा येणार, हे पक्कं बसतं. मग पाहिजे ती हालचाल झाली रे झाली की ‘टक्’. उशीर झाला की पक्षी भलतंच शिकतो. उसाला तुरा आलेलाच आहे. त्याची हलकी काडी घ्या आणि टोकाला लाल दोरा गुंडाळा. नराने टोकाला चोच लावली की दाणा. पुढे काडी नेईल तिथे तो येतो. नव्या माणसाला हमखास चकवणारी एक गोष्ट इथे आहे : जवळ माद्या असल्या तर नर दाणा खात नाही. तो ‘कुट्-कुट्’ करत दाणा उचलतो, टाकतो आणि त्यांना बोलावतो. लोक म्हणतात, याला भूक नाही. भूक असते, पण तो यजमानपण करत असतो. माद्यांच्या नजरेआड नेऊन शिकवा.

खेळ त्याच्या स्वभावातले निवडा. अमेरिकेत केलर आणि मरियन ब्रेलंड या दांपत्याने हजारो प्राणी शिकवले. 1955 मध्ये हॉट स्प्रिंग्ज गावी त्यांनी उघडलेल्या जागेत कोंबड्या पियानोच्या पट्ट्यांवर चोच मारत. एका खेळात त्यांना कोंबडी फळीवर नुसती शांत उभी करायची होती, पण निम्म्याहून जास्त कोंबड्या पायाने उकरायलाच लागायच्या. शेवटी त्यांनी त्यालाच नाच म्हणून दाखवलं. आपणही तसंच करावं. हाकेला शेताच्या दुसऱ्या टोकावरून पळत येणं, मनगटावर ताठ उभं राहणं, अडसरावरून उडी, सांगितल्यावर पंख फडफडवणं हे असील आनंदाने करतो. उडीचा अडसर वीतभरापासून सुरू करा आणि गुडघ्याच्या वर नेऊ नका. हा पक्षी जड आहे, उंचावरून टणक जमिनीवर आदळला तर तळव्याला गाठ येते, ती चिघळते आणि महिनोन्महिने जात नाही. खाली उसाचं पाचट किंवा भुस्सा जाड पसरा. चोच उघडली की त्या दिवसाचं काम बंद. टाचेवरच्या काट्याचं टोक कानशीने बोथट करा, आत जिवंत भाग असतो म्हणून खोल जाऊ नका. आठवड्यातून एकदा तळवे पालथे करून पाहा.

लसी चुकवू नका. पिलांना सातव्या दिवशी लासोटा, आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी, या दोन्ही मानमोडीच्या लसी. देवी आणि गंबोरो या रोगांच्या लसींचं वेळापत्रक तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून घ्या. मानमोडी आली की शिकवलेला आणि न शिकवलेला दोन्ही सारखेच जातात. लस टोचायचं काम शक्यतो दुसऱ्याच्या हातून करून घ्या, दाणे देणारा हात वेगळा राहू दे.

मार्गशीर्षात म्हसवड आणि पुसेगाव, पौषात खरसुंडी, असे जत्रांचे दिवस ओळीने येतात. शांत उभा राहणारा, कोणीही उचलून वजन करू शकेल असा नर गिऱ्हाइकाला दाखवायला सोपा जातो. कृषी पर्यटनाची जागा असेल तर पाहुण्यांना हाकेला येणारा कोंबडा दाखवा, पण तिकीट लावून खेळ करायचा तर त्याच 1960 च्या कायद्याच्या कलम 22 खाली नोंदणी लागते, ती आधी करा. गर्दीत ढोल-ताशाजवळ पक्षी नेऊ नका. डालग्यावर ओलं नसलेलं फडकं टाका, अंधारात तो शांत राहतो. जत्रेहून परत आलेला पक्षी किमान दोन आठवडे बाकीच्यांपासून लांब ठेवा आणि त्याला चारापाणी सगळ्यांत शेवटी घाला. या दिवसांत हिरवट हगवण, मान वाकडी होणं किंवा श्वासाची घरघर दिसली तर वाट न बघता दवाखाना गाठा. शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयातही पक्षी दाखवता येतो.