पूलचा पंप मोबाईलवर घेताय? या चुका टाळा

कोल्हापूरबाहेर पन्हाळा रोडला, राधानगरीच्या वाटेवर, गगनबावड्याकडे जाताना फार्महाऊस वाढली आणि त्यांच्या परड्यात पूल आले. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली माणसं आता शहरात बसून मोबाईलवरून पूलचा पंप लावतात. लावा की. पण जोडणीतल्या चुका ठरलेल्या आहेत आणि दर उन्हाळ्यात त्याच होतात.

पंप थेट स्मार्ट प्लगवर

स्मार्ट प्लग म्हणजे मोबाईलवरून चालू-बंद होणारा प्लग. ही सगळ्यांची लाडकी चूक. हिशोब असा मांडतात: दीड एचपीची सिंगल फेज मोटर ८-९ अँपिअर घेते, प्लग १६ चा, म्हणजे निम्मा मोकळाच. पण तो १६ चा आकडा गिझर-इस्त्रीसारख्या लोडसाठी असतो. मोटर उठताना पाच ते सात पट करंट ओढते, म्हणजे ४५ ते ६० अँपिअर. प्लगमधल्या रिलेचे (आतल्या छोट्या विजेच्या स्विचचे) कॉन्टॅक्ट, म्हणजे जुळणारी टोकं, मुगाच्या डाळीएवढे. प्रत्येक चालू-बंदला ठिणगी पडते, टोकं खरबरीत होतात आणि एक दिवस चिकटून बसतात.

मग काय होतं ते ऐका. मालक रात्री नऊला पंप बंद करतो. ॲप ‘बंद’ दाखवतं, कारण रिलेला दिलेला हुकूम त्याला कळतो, कॉन्टॅक्ट सुटला की नाही ते कळत नाही. मालक राखणदाराला फोन करतो, ‘पंप बंद केलाय, व्हॉल्व्ह बंद करून घे.’ पंपघर जमिनीखाली, शटर ओढलेलं, आवाज कुणाला येणार? राखणदार सक्शन आणि रिटर्न दोन्ही व्हॉल्व्ह फिरवून झोपायला जातो. पंप रात्रभर तेच चार तांबे पाणी घुसळत बसतो. पाणी तापतं, ६० अंशांच्या वर गेलं की पीव्हीसीचं युनियन मऊ पडतं, सील जळतं, आणि सकाळी पंपघरात घोटाभर पाणी. मोटर रिवाइंडिंगला उद्यमनगरात. वाचवलेले पैसे एका कॉन्टॅक्टरचे, म्हणजे कॉइलनं ओढल्या जाणाऱ्या, मोटरसाठीच्या दणकट स्विचचे.

म्हणून मध्ये कॉन्टॅक्टर हवाच. दीड एचपीला एसी-३ (मोटरच्या लोडसाठीच्या) रेटिंगचा १२ किंवा १८ अँपिअरचा घ्या. दुकानदार एसी-१ चा (हीटरसारख्या लोडचा) मोठा आकडा दाखवेल, तिकडे बघू नका. स्मार्ट रिलेनं फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल ओढायची. क्रम असा: डबल पोल आयसोलेटर, सी-कर्व्हचा (मोटरचा सुरुवातीचा झटका सोसणारा) २० अँपिअर एमसीबी, ३० मिलिअँपिअर आरसीसीबी (करंटची गळती दिसली की वीज तोडणारा), कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड रिले (मोटर जास्त करंट ओढू लागली की ट्रिप होणारा), मोटर. कंट्रोलची तार २ अँपिअर फ्यूजमधून निघते, आधी लाल मशरूम बटणातून (आणीबाणीत पंप बंद करायचं), मग ओव्हरलोडच्या ९५-९६ मधून (ट्रिप झाला की उघडणारा कॉन्टॅक्ट), मग मॅन्युअल-ऑफ-ऑटो सिलेक्टरवर येते. ऑटोच्या वाटेवर स्मार्ट रिले, पुढे कॉइलचं एक टोक ए१. दुसऱ्या टोकाला, ए२ ला, न्यूट्रल. कॉन्टॅक्टरही क्वचित चिकटतो, म्हणून ॲपला खरी खबर द्यायची तर मोटरच्या फेजवर सीटी क्लॅम्प (करंट मोजणारा चिमटा) लावा.

ओव्हरलोडचे तीन पोल असतात आणि सिंगल फेजला एकाच पोलमधून तार नेली की तो फेज गेल्यासारखं समजून विनाकारण ट्रिप होतो. तिन्ही पोल सीरिजमध्ये लूप करा. सेटिंग मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरवर, अंदाजानं दोन वाढवून नाही. रीसेट ‘मॅन्युअल’वर ठेवा, ‘ऑटो’वर असेल तर थंड झाल्यावर पंप स्वतःहून उठेल आणि नेमका तेव्हा कुणाचा तरी हात कपलिंगवर असेल.

आरसीसीबी ट्रिप होतो, म्हणून बायपास

या चुकीला क्षमा नाही. पाण्यातल्या माणसाचं अंग ओलं असतं, शरीराचा विरोध कमी झालेला असतो, अशा ठिकाणी ३० मिलिअँपिअर हीच शेवटची भिंत. आरसीसीबी पडतो तो काहीतरी सांगायला पडतो.

स्मार्ट मॉड्यूल (वरचा स्मार्ट रिलेच) बसवलं त्याच दिवसापासून पडत असेल, तर दहातल्या नऊ वेळा दोष न्यूट्रलचा. मॉड्यूलला न्यूट्रल लागतो. घाईतला मिस्त्री शेजारच्या लाईट सर्किटमधून उचलतो. फेज आरसीसीबीमधून गेला, परत दुसऱ्याच वाटेनं आला, तर दोन्ही करंट जुळत नाहीत. कॉइलचा करंट किरकोळ वाटतो, पण ओढतानाचा झटका ३० मिलिअँपिअरच्या कितीतरी वर जातो. न्यूट्रल त्याच आरसीसीबीच्या आउटपुटचा घ्या, प्रश्न मिटला.

पाऊस लागल्यावर पडायला लागला, तर मोटरचा टर्मिनल बॉक्स उघडा. केबल वरून आत शिरत असेल तर पाणी तिच्या अंगानं आत येतंच. ग्लँड (केबल आत नेणारं घट्ट तोंड) खालून, आणि त्याआधी केबलला खाली झोळ. मग ५०० व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन मोजायच्या यंत्रानं) वाइंडिंग ते बॉडी तपासा, १ मेगओहमच्या खाली आलं तर मोटर सुकवा. मेगर लावण्याआधी स्मार्ट मॉड्यूल सोडवा, नाहीतर मॉड्यूलही जाईल आणि दोष कंपनीला द्याल.

अर्थिंगच्या जागी न्यूट्रल जोडणं ही शेतातली जुनी खोड पूलपाशी नको. मोटरची बॉडी, स्टीलची शिडी, रेलिंग ४ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेनं एकमेकांना आणि अर्थला बांधा. एप्रिल-मेमध्ये अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतत जा.

बाकीच्या चुका थोडक्यात.

पॅनेल पूलच्या कडेपासून साडेतीन मीटरच्या पलीकडे. जवळ छान दिसतं म्हणून नाही.

घरापासून पंप ६० मीटर लांब आणि केबल अडीच चौरस मिलिमीटरची? चालताना ८ व्होल्ट पडतात, पण मोटर उठताना ४५ च्या आसपास. मोटर घुणघुणते, उठत नाही, सगळे कपॅसिटर बदलत बसतात. चार किंवा सहाची टाका.

लाईट आल्यावर मॉड्यूलनं काय करायचं ते सेटिंग ‘ऑफ’वर. व्होल्टेज १९५ च्या खाली असेल तर २३० ची कॉइल तडतडते आणि कॉन्टॅक्ट जळतात. तीन मिनिटं थांबून जोडणारा व्होल्टेज रिले कॉइलच्या वाटेवर घाला.

पाणी स्किमरच्या (पूलच्या कडेला पृष्ठभागावरचं पाणी ओढणाऱ्या तोंडाच्या) खाली गेलं की पंप हवा ओढतो. ड्राय रनची (पाण्याविना पंप चालला तर थांबवायची) अक्कल ॲपमध्ये नको, नेट गेलं की ती अक्कलही जाते. फ्लो स्विच (पाणी वाहतंय का ते बघणारा) कॉइलच्या सीरिजमध्ये, आणि सुरुवातीला फ्लो नसतोच म्हणून ३० सेकंदांचा बायपास टायमर. हा टायमर विसरणारे ‘पंप सुरूच होत नाही’ म्हणून फोन करतात.

क्लोरीन-ॲसिडचा डोझर (ती पाण्यात थोडी थोडी सोडणारं यंत्र) वेगळ्या शेड्यूलवर कधीच नको. पंप बंद आणि डोझर चालू राहिला तर दोन्ही पाइपात एकत्र येऊन विषारी वायू होतो. कॉन्टॅक्टर आणि फ्लो स्विच दोन्ही ‘हो’ म्हणाले तरच डोझर चालावा. ॲसिडचे कॅनही पॅनेलपासून दूर, वाफेनं तांब्याची टोकं हिरवी पडतात.

व्हेरिएबल स्पीडचा पंप असेल तर कॉन्टॅक्टरनं चालू-बंद करू नका, त्याच्या स्वतःच्या कंट्रोल इनपुटला हुकूम द्या.

पॅनेलचा बॉक्स आयपी ६५ चा (धूळ-पाणी आत न घेणारा), प्लॅस्टिकचा. लोखंडी पेटीत वायफाय गुदमरतं.

मल्टीपोर्ट व्हॉल्व्हचा (फिल्टरमधल्या पाण्याची वाट बदलणाऱ्या) दांडा फिरवण्याआधी सिलेक्टर ‘ऑफ’वर. बॅकवॉशसाठी (फिल्टर उलट्या पाण्यानं धुवायला) दांडा फिरवतानाच सकाळी सहाचं शेड्यूल लागलं तर आतलं गॅस्केट फाटतं. आणि मशरूम बटण पंपघरात नाही, पूलवरून दिसेल असं, पॅनेलच्याच अंतराच्या नियमानं. दाबल्यावर अडकून राहणारं. कुणाचे केस मेन ड्रेनला (पूलच्या तळाच्या जाळीला) ओढले गेले तर बटण दाबल्यावर ॲपनं पंप परत लावता कामा नये. तारेत बसवलेलं बटणच ते करू शकतं. ते आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण, दोन्ही महिन्याला एकदा, लाईट बिल भराल त्या दिवशी, पूलमध्ये कुणी नसताना दाबून बघा.