‘कशावरून?’ विचारायची सवय मुलांना अशी लावा

मी फोंड्याला प्राथमिक शाळेत शिकवते. विजा कडाडल्या की अळमी, म्हणजे रानातली अळंबी, उगवतात, असं पावसाळ्यात वर्गात कुणीतरी सांगतंच. लगेच खोडून काढू नका. दोनच प्रश्न विचारा: विजा झाल्या पण अळमी आली नाहीत, असं कधी घडलं? विजा नसताना मिळाली? मग ती रोयणीवर, म्हणजे वारुळावरच का येतात, ते मुलालाच शोधू द्या. ही बुरशी वाळवीच वारुळात जोपासते, आणि विजा व ओल एकाच मोसमात येतात. सोबत आलं म्हणजे कारण झालं असं नाही, हे आठ वर्षांच्या मुलालाही कळतं.

मोठ्या मुलांना न्यायशास्त्राची, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्राची, पाच पावलं शिकवा. मला ती फार प्रिय आहेत. डोंगरावर आग आहे (प्रतिज्ञा); कारण धूर दिसतो (हेतू); जिथे धूर तिथे आग, जशी चुलीत (उदाहरण); इथेही तसाच धूर आहे (उपनय); म्हणून आग आहे (निगमन). तिसऱ्या पावलावर मुलाला अडवा. प्रत्येक वेळी? आणि चोर्ला घाटातलं धुकं असेल तर? खरी मेहनत इथेच आहे, घाई करू नका.

पुरावा मोजताही येतो. गोव्यातल्या कोसबेनला १९०७ साली जन्मलेले गणिती दामोदर कोसंबी प्राचीन नाणी तोलत. वापराने नाणं झिजतं, म्हणून वजनावरून ते किती फिरलं याचा अंदाज येतो. घरी एवढंच करा: मुलाचा अंदाज आधी वहीत लिहून घ्या, पडताळणी त्यानंतर.