मुलीसोबत मालिका पाहताना काय विचारावे

ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये महिला मंडळाची बैठक असो वा हळदीकुंकू, वयात आलेल्या मुलींचा विषय निघाला की सारा दोष मालिका, वेबमालिका आणि रील्स यांच्या माथी मारला जातो. पुरावा मात्र इतका एकतर्फी नाही. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थतज्ज्ञांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की भारतातल्या ज्या खेड्यांत केबल टीव्ही पोहोचला तेथे नवऱ्याने बायकोला मारणे योग्य मानण्याचे आणि मुलगाच हवा असे म्हणण्याचे प्रमाण स्त्रियांमध्ये कमी झाले. दुसरीकडे, लैंगिक दृश्ये अधिक पाहणारी किशोरवयीन मुले शरीरसंबंध लवकर सुरू करतात, असे २००६ सालच्या एका अमेरिकी अभ्यासाने सांगितले. पण २०११ साली त्याच माहितीची फेरतपासणी झाली, तेव्हा मुलांमध्ये मुळातच असलेले फरक हिशेबात घेतल्यावर तो परिणाम उरला नाही. म्हणून टीव्ही बंद करण्यापेक्षा मुलीच्या शेजारी बसून पाहणे आणि पाहिलेल्यावर बोलणे हाच मार्ग मला अधिक भरवशाचा वाटतो, आणि तो कसा अवलंबावा हे येथे सांगत आहे.

आरंभी वयोगटाची खूण पाहावी. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार ओटीटीवरील, म्हणजे इंटरनेटवरून दाखवल्या जाणाऱ्या, कार्यक्रमांना यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए अशा श्रेणी दिलेल्या असतात, आणि १३+ व त्यावरील कार्यक्रमांसाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय देणे बंधनकारक आहे. लहान मुलांसाठी ती सोय जरूर वापरावी. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला मात्र कुलूप पुरत नाही, कारण तेच दृश्य तिला लोकलमध्ये मैत्रिणीच्या मोबाईलवर सहज पाहता येते.

त्यानंतर ती जे पाहते तेच तिच्यासोबत पाहावे, आपल्या आवडीचे तिच्यावर लादू नये. दृश्य चालू असताना उपदेश करू नये. भाग संपल्यावर, जेवणाची ताटे घेताना, एखादाच प्रश्न विचारावा. तो प्रश्न मुलीच्या वागण्याविषयी नसावा, पात्राविषयी असावा.

सर्वांत अधिक बोलायला हवे ते पाठलागाच्या दृश्यावर. नायक स्टेशनपासून घरापर्यंत तिच्या मागे येतो, ती चिडते, तो कुठून तरी तिचा नंबर मिळवतो, आणि पुढच्या गाण्यात ती हसू लागते. उघड्या अंगापेक्षा हे दृश्य मला अधिक घातक वाटते, कारण मुलीच्या नकाराला किंमत नसते आणि चिकाटी धरली की तो होकारात बदलतो, ही समजूत ते मुलामुलींच्या मनात घट्ट करते. येथे विचारावे: “ठाणे स्टेशनवर वाशीच्या गाडीसाठी उभी असताना रोज एकच मुलगा तुझ्या मागे येऊ लागला, तर तुला काय वाटेल?” उत्तर ऐकल्यावर कायदा सांगावा. स्त्रीने स्पष्ट नकार दिल्यानंतरही तिचा वारंवार पाठलाग करणे किंवा संपर्क साधत राहणे हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये येतो आणि पहिल्या गुन्ह्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

दुसरे दृश्य प्रत्येक घराच्या ओळखीचे आहे. नायिकेला भोवळ येते, डॉक्टर नाडी पाहतात आणि ‘गोड बातमी’ जाहीर होते. नाडीवरून गर्भधारणेचे निदान होत नाही, त्यासाठी लघवीची किंवा रक्ताची तपासणी लागते, इतके तरी आईने तेथेच सांगावे. त्याच ओघात निरोध आणि गर्भनिरोधक गोळ्यांविषयी बोलावे, कारण कथा या टप्प्यावर बहुधा गप्प असते. तातडीची गर्भनिरोधक गोळी असुरक्षित शरीरसंबंधानंतर ७२ तासांच्या आत आणि जितकी लवकर घेता येईल तितकी घ्यावी लागते, ती नेहमीचा उपाय नव्हे, आणि लैंगिक संसर्गापासून ती संरक्षण देत नाही. आईला हे सारे नीट माहीत नसेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे दोघींनी मिळून जावे.

तोकड्या कपड्यांवर फार वेळ घालवू नये. त्यावर वाद पेटला की बाकीचे बोलणे तेथेच संपते. मारझोड करणाऱ्या नवऱ्याला नायिका पुन्हा पुन्हा माफ करते तेव्हा मात्र थांबावे. घोडबंदर रस्त्याच्या परिसरात अनेक मराठी मालिकांचे चित्रीकरण होते, हे ठाण्याच्या मुलींना ठाऊक असते. तोच धागा पकडून, ही माफी कोणीतरी लिहिलेली आहे आणि मालिका लांबवण्यासाठी ती लागते, हे दाखवून द्यावे आणि तिने स्वतः तो प्रसंग कसा लिहिला असता हे विचारावे. घरात मुलगा असेल तर त्यालाही याच प्रश्नांना बसवावे. मूल्यांची सारी जबाबदारी मुलीवर टाकणे अन्यायाचे आहे.

अशा बोलण्यातून एखाद्या दिवशी मुलगी स्वतःचे काही सांगेल. त्या वेळी मोबाईल काढून घेऊ नये, क्लास बंद करू नये, ‘बाबांना कळले तर’ असे म्हणू नये. पूर्ण ऐकून घ्यावे. ती अठरा वर्षांखालील असेल तर पॉक्सो या, मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यानुसार शरीरसंबंधाला तिची संमती ग्राह्य धरली जात नाही, हे तिला न घाबरवता सांगावे. कोणी तिच्यावर जबरदस्ती केली असेल, किंवा फोटो पसरवण्याची धमकी देत असेल, तर ते संदेश पुसू न देता जपून ठेवावेत आणि १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर किंवा ११२ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा. फोन करताना आईने तिच्या शेजारीच बसावे.